माळ्यावरची लाल बॅग

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांचा आहे. पुणे-सातारा रस्त्यावर एका खासगी रुग्णवाहिकेवर नऊ वर्षं पॅरामेडिक होतो. खंबाटकी घाटातलं अपघातांचं 'एस' वळण आमच्याच हद्दीत यायचं. गेल्या पावसाळ्यात काम सोडलं. मनोविकारतज्ज्ञांनी पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगांच्या धक्क्यातून जडणारा मनाचा आजार, आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. दोन महिने घेतल्या, मग माझ्या मनानेच बंद केल्या. आता चुलतभावाच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसतो.

माझ्या पैशाने घेतलेलं सामान एका लाल बॅगेत माळ्यावर पडून आहे. लिटमनचा स्टेथो, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, शुगरचं मशीन, डोक्याला लावायची बॅटरी, बूट, कात्री आणि बरंच किडुकमिडुक. कात्री हातात धरवत नाही. कुठल्या केसमुळे ते लिहीत नाही. हप्ते चालू आहेत, म्हणून ऑनलाइन जाहिरात टाकली. पहिलाच फोन एका शिकणाऱ्या पोराचा आला. "सर, चांगलं चालू आहे, मग विकताय का?" मला उत्तर सुचलं नाही. फोन ठेवला आणि जाहिरात काढून टाकली. बायको म्हणते भंगारवाल्याला द्या, पण घरात नको. आई म्हणते राहू दे, कष्टाची वस्तू आहे. वडील फौजेतून रिटायर झालेत, ते काहीच बोलत नाहीत. त्यांना असलं कधी काही झालं नाही. मी तर बॉर्डरवरही गेलो नाही.

मी घाबरून विकतोय का? विकलं तर नऊ वर्षं पाण्यात गेली असं होईल का? निदान थोडं सामान गाडीच्या डिकीत ठेवू का, रस्त्यात काही झालं तर? ती बॅग एकदा गेली की सगळंच आवरलं असं वाटतं.

– एक वाचक, सातारा जिल्हा

*

नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी अडले. "ती बॅग एकदा गेली की सगळंच आवरलं." तुम्ही सहज लिहिलं असेल. पण जिवापाड जपलेल्या वस्तू माणूस एकाएकी देऊन टाकायला लागला, तर कधीकधी तो स्वतःचंच आवरतं घेत असतो. म्हणून सामानाचं नंतर बोलू. आधी सरळ विचारते. जीव द्यावा, आपण नसलेलं बरं, असं मनात येतं का? औषध प्यायलेल्या माणसाच्या उशाशी बसून 'काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं' हे तुम्ही आडपडदा न ठेवता विचारलं असेल. मीही तसंच विचारतेय. उत्तर 'हो' असेल, अगदी अधूनमधून येणारा विचार असला तरी, आजच बायकोला नाहीतर भावाला सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आणखी एक. तुम्ही बसता त्या दुकानात खताबरोबर फवारणीची औषधंही असणार. असे विचार येत असतील तर त्या कपाटाची किल्ली काही दिवस चुलतभावाच्या खिशात राहू द्या आणि संध्याकाळी दुकान एकट्याने बंद करू नका. वाईट घडी बऱ्याचदा थोड्या वेळाने ओसरते, तेवढा वेळ हाताशी काही नसलेलं बरं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता बॅग.

घाबरून विकताय का, असं विचारलंत. थोडं घाबरून, हो. पीटीएसडीत तीन गोष्टी एकत्र नांदतात. झालेलं पुन्हा पुन्हा समोर येतं, आणि जुनी आठवण यावी तसं येत नाही, आत्ता घडतंय असं येतं. अंग सतत सावध असतं, दार आपटलं तरी छातीत धडधडतं, झोप तुटते. तिसरं म्हणजे टाळणं. तो रस्ता नको, तो वास नको, ती बॅग नको. टाळलं की लगेच बरं वाटतं आणि घोळ तिथेच होतो. टाळलं म्हणून वाचलो, असं मन शिकतं आणि पुढच्या वेळी भीती थोडी मोठी होऊन येते. आज माळ्याकडे बघवत नाही, उद्या हायवे नको वाटतो, परवा सायरन ऐकू येईल म्हणून घराबाहेर पडणंच नको वाटतं.

म्हणून बॅग ठेवलीच पाहिजे असं मात्र माझं म्हणणं नाही. काही माणसं उलट करतात. बघवत नसलेली वस्तू मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवतात, जणू शिक्षाच भोगायची आहे. माळ्यावरची बॅग ही तुमच्या धैर्याची परीक्षा नाही. तुम्हाला पैशांची गरज आहे, सामान तुमचं आहे, काम सुटलेलं आहे. विकायला एवढी कारणं पुरेत. मला फक्त एवढंच पाहायचं आहे की निर्णय भीतीने घेतला की तुम्ही. त्याची माझी खूण अगदी साधी आहे. रात्री दोनला, घामाघूम उठल्यावर वाटलं की आत्ताच्या आत्ता फेकून द्यावं, तर ते सकाळपर्यंत थांबवा. सकाळी अकराला, पोटात चार घास असताना, शेजारी एक माणूस बसलेला असताना 'हे विकू' असं वाटलं तर विका. मागच्या वेळी जाहिरात टाकताना तुम्ही एकटे होता, असं पत्रावरून दिसतं. या वेळी एकट्याने करू नका.

कोणाला घ्याल बरोबर? बायकोला घेऊ नका, निदान पहिल्या दिवशी तरी. ती 'भंगारवाल्याला द्या' म्हणते याचा राग तुमच्या पत्रात थोडा दिसला. पण नऊ वर्षं तुमचे रक्ताचे कपडे तिनेच वेगळे भिजवले असतील. रात्रीचा फोन वाजला की तीही जागी झाली असेल. ती बॅग तिलाही छळते, हे लक्षात घ्या. एखादा मेव्हणा, जुना मित्र, किंवा तुमच्या रुग्णवाहिकेचा पायलट, म्हणजे चालक, जर अजून संपर्कात असेल आणि त्याच्याशी बोलताना तुम्हाला बरं वाटत असेल, तर त्याला बोलवा. रविवारी सकाळी, अंगणात किंवा ओसरीवर, भरपूर उजेडात चटई टाका. बॅग त्याला खाली काढू द्या आणि चेनही त्यालाच उघडू द्या. स्पिरिट, रबर आणि घाम यांचा जो मिसळलेला वास आतून येईल, त्यासाठी तयार राहा. चित्रांपेक्षा वास फार लवकर आत शिरतो. श्वास अडकल्यासारखा झाला तर पाय जमिनीला घट्ट टेकवा, समोरच्या झाडाकडे, गोठ्याकडे, जे दिसेल त्याकडे बघत त्याचं नाव मोठ्याने घ्या. नाहीच जमलं तर चेन बंद करा. पुढचा रविवार आहेच.

सामान काढताना आधी जे तुमचं नाही ते बाजूला करा. कंपनीने दिलेला गणवेश, ओळखपत्र, नाव छापलेलं चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, गाडीतलं एखादं उपकरण चुकून बॅगेत राहिलेलं असेल तर तेही. ते परत करा आणि परत केल्याची पोच लेखी घ्या. जाणं जमत नसेल तर मित्राबरोबर पाठवा. ओळखपत्र आणि जॅकेट विकू तर नकाच, दानही करू नका. रुग्णवाहिकेचं जॅकेट घातलेल्या माणसाला अपघाताच्या ठिकाणी कोणी अडवत नाही, आणि अशा वेळी जखमींच्या खिशात हात घालणारेही असतात. हे तुम्ही पाहिलं असेल. अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र अजून घेतलं नसेल तर तेही याच खेपेत मागून घ्या.

मग औषधं. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात अॅड्रेनलिनची एखादी अॅम्प्यूल, सलाईनची बाटली, ओआरएसची पाकिटं निघतातच. औषधं परवान्याशिवाय विकता येत नाहीत, आणि घरात ठेवायचीही नाहीत. सुया, सिरिंजा, मुदत संपलेले कॅन्युला, शुगरच्या जुन्या पट्ट्या असलं सगळं एका डब्यात भरून जवळच्या रुग्णालयात द्या. तिथे जैववैद्यकीय कचरा वेगळा जातो. सुया पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात, प्लास्टिकची नळी आणि हातमोजे लाल पिशवीत, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. घंटागाडीत मात्र टाकू नका, तिथे उघड्या हाताने कचरा निवडणाऱ्या बायका असतात. एकदा वापरलेला टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, तोही विकू नका, त्याचा ताण गेलेला असतो आणि ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी दुसरी संधी नसते.

राहिलं ते विकायचं सामान. स्टेथोचा पडदा उघडून अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. नळी कडक झाली असेल किंवा तडा असेल तर फोटोत ते दिसू द्या. कानात घालायचे रबर नवे बसवा, ते थोडक्यात मिळतात आणि घेणाऱ्याला बरं वाटतं. ऑक्सिमीटर आणि टॉर्चमधले सेल काढून ठेवा, आत गळलेले असतील तर मशीन फुकटच द्या. बीपीचं मशीन एखाद्या ओळखीच्या दवाखान्यातल्या मशीनशी ताडून पाहा, काटा शून्यावर येत नसेल तर तसं सांगा. बूट विकण्यात अर्थ नाही, दुसऱ्याच्या पायाने घडलेला बूट कोणालाच नीट बसत नाही. चांगले असतील तर शेतात वापरा, नाहीतर द्या कोणाला.

कायद्याचंही एक ध्यानात ठेवा. वैद्यकीय उपकरणं साठवून विकण्याचा धंदा करायचा तर २०२२ पासून औषध प्रशासनाची नोंदणी लागते. तुमची एका माणसाची एक बॅग आहे, तुम्ही काही दुकान मांडत नाही. तरीही मी जाहिरातीच्या वाटेला न जाता ओळखीत द्या असं म्हणेन. नर्सिंगची, फिजिओथेरपीची, पॅरामेडिकची मुलं-मुली, रुग्णालयातले इंटर्न, यांच्यापैकी कोणाला तरी चांगला स्टेथो हवाच असतो. नवा घ्यायचा तर त्यांच्या घरच्यांना महिनाभराचा किराणा बाजूला ठेवावा लागतो. वापरलेल्या सामानाला निम्मी किंमत आली तरी चांगली आली म्हणा.

आणि घासाघीस तुम्ही करू नका. "पाचशे कमी करा की दादा" हे समोरचा सहज म्हणतो, तो भाजी घेतानाही म्हणतो. पण तुमच्या कानाला ते तुमच्या नऊ वर्षांची किंमत कमी केल्यासारखं लागेल. म्हणून किंमत आधी कागदावर लिहा, खाली कितीपर्यंत यायचं तेही लिहा, आणि तो कागद मित्राच्या हातात द्या. घेणाऱ्यांना फोन नंबरही त्याचाच द्या. पैसे घेताना कोणी 'हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील' म्हणाला तर फोन ठेवा. पैसे मिळवायला काहीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. मन थाऱ्यावर नसताना माणूस असल्या जाळ्यात पटकन सापडतो, म्हणून सांगितलं.

"मग विकताय का?" याचं उत्तर तुम्ही कोणालाही देणं लागत नाही. "काम सोडलं" एवढे दोन शब्द खरे आहेत आणि पुरेसे आहेत. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच दोन शब्द. त्या पोराने कुचकेपणाने विचारलं नसणार. पॅरामेडिक व्हायला निघालेलं पोर ते, चांगला स्टेथो माणूस का विकतो हे त्याला कळलं नाही.

इथे थोडं माझ्या घरातलं सांगते. माझी थोरली बहीण बावीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात सिस्टर होती. शेवटच्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले, रात्रपाळीला जाताना जिन्यातच उलटी व्हायची. राजीनामा दिला त्या दुपारी तिने कपाट उघडलं आणि सगळं वाटून टाकलं. पांढरे बूट, स्वेटर, पट्ट्या कापायची कात्री, आणि तिचं छातीवर पिनने अडकवायचं घड्याळ. त्या घड्याळाची तबकडी उलटी असते. समोरच्याला सहाच्या जागी बारा दिसतात, पण घालणारीने मान खाली घातली की वेळ सरळ दिसते. हात रक्ताने माखलेले असले तरी नाडी मोजता यावी म्हणून. दोन वर्षांनी, उपचार नीट सुरू झाल्यावर, एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "घड्याळ कोणाला दिलं गं मी?" शोधलं तर ते तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलीकडे निघालं. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ती नुकतीच ड्यूटीवरून आलेली, घड्याळ गणवेशावर तसंच. बहिणीने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि घड्याळाचा विषय न काढता उठली. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "चालू ठेवलंय तिने."

बहिणीने त्या दुपारी घाई केली नसती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. घड्याळ त्याच मुलीला मिळालं असतं, पण बहिणीने स्वतःच्या हाताने ते तिच्या छातीवर लावलं असतं. म्हणून तुम्हाला सांगते, सगळं विका, पण एक वस्तू मागे ठेवा. कोणती ते आज ठरवू नका. जिच्यामुळे छातीत धस्स होतं ती ठेवायची नाही. जी हातात घेतल्यावर एखादा जगलेला माणूस आठवतो ती ठेवायची. नऊ वर्षांत असा एखादा माणूस असणारच. बाळंतपणाची केस गाडीतच झाली असेल, कोणा आजोबांची शुगर उतरलेली असताना ग्लुकोज दिल्याबरोबर त्यांनी डोळे उघडले असतील. पीटीएसडी या आठवणींवर माती टाकतो आणि वाईट तेवढ्याच वर ठेवतो.

आणि कात्री. ती विकू नका, कोणाला देऊ नका, आणि हिंमत करून हातात धरायचा प्रयत्नही करू नका. मित्राला ती एका जाड पाकिटात घालून चिकटवून त्याच्याकडेच ठेवायला सांगा. ती कोणत्या केसची आहे हे तुम्ही मला लिहिलं नाहीत, ते बरोबर केलंत. ते जाहीर सदरात लिहायचं नसतं. पण डॉक्टरांना सांगायचं असतं. पत्रावरून मला असं वाटतं की ते तुम्ही त्यांनाही सांगितलेलं नाही. अंदाज चुकला असेल तर माफ करा.

आता गोळ्यांचं. दोन महिन्यांत बंद केल्यात. सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे जातात, आणि बरं वाटायला लागल्यावरही त्या बरेच महिने चालू ठेवायच्या असतात. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि वाटतं की आजारच बळावला. म्हणून परत जा, डॉक्टरांना खरं सांगा, ते रागावणार नाहीत. नुसती झोपेची गोळी मागू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी रात्र निघते, पण पीटीएसडी बरा होत नाही, उलट सवय लागते. दारूचंही तसंच, तुम्ही घेत असाल तर.

गोळ्यांबरोबर बोलण्याचे उपचार मागा, आणि नाव घेऊन मागा. ट्रॉमावर, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावर, काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन केलेला उपचार). साधारण आठ ते बारा बैठका लागतात, काहींना जास्त. यात ती घटना जाणकार माणसाच्या सोबतीने, थोडी थोडी करून, सुरक्षित जागी पुन्हा पाहिली जाते, आणि हळूहळू ती 'आत्ता घडतेय'ची 'तेव्हा घडली' होते. गावात असा उपचारक नसेल तर साताऱ्यात किंवा पुण्यात विचारा, काही जण व्हिडिओवरही बैठका घेतात. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारांचे पैसे लागत नाहीत. बॅग विकून आलेल्या पैशातून आधी हप्ता भरायचा की आधी उपचार, असा प्रश्न आला तर मी उपचारांच्या बाजूने बोलेन. बँकेशी मुदतीचं बोलता येतं.

डिकीत सामान ठेवायचं का? सध्या नाही. हे मी विचार करून सांगतेय. डिकीत बॅग असली की तुमची शिफ्ट संपतच नाही. भावाच्या लग्नाला निघालात तरी डोळे रस्त्याच्या कडेला, पुढच्या ट्रकच्या टायरकडे. सतत सावध राहण्याचा हाच तर आजार आहे. कोणत्याही गाडीत असावी तशी प्रथमोपचाराची साधी पेटी पुरे. अपघात दिसलाच तर गाडी कडेला घेऊन १०८ किंवा ११२ ला फोन लावा, जागा नीट सांगा. तुमच्यासारखं ठिकाण सांगणारा माणूस कंट्रोल रूमला क्वचित मिळतो. एवढं केलंत तरी तुम्ही पुष्कळ केलंत. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांत अडकवू नये, त्याचं नाव-गाव सक्तीने विचारू नये, हे मोटार वाहन कायद्याची २०१९ ची दुरुस्ती आणि त्याखालचे २०२० चे नियम सांगतात, ते तुमच्यासारख्या आता साध्या नागरिक असलेल्या माणसालाही लागू आहे. आणि एखाद्या दिवशी थांबणंच जमलं नाही, तर पुढच्या ढाब्यावर थांबून फोन करा.

राहिले वडील. त्याबद्दल लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

तुमच्या जिल्ह्याला फौजी घरांचं नवल नाही. अपशिंगे मिलिटरी तुमच्याच जिल्ह्यात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान परत आले नाहीत. त्याच युद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरने आघाडीवरून परत आलेल्या सैनिकांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव गेल्याबद्दल लिहिलं, आणि त्याला 'शेल शॉक' हे नाव रुळलं. त्या काळी अशा सैनिकांना भेकड ठरवून गोळ्याही घातल्या गेल्या. पीटीएसडी हे नाव मानसोपचाराच्या अमेरिकी ग्रंथात यायला १९८० उजाडलं. आणि २०१३ च्या आवृत्तीत त्यात स्पष्ट शब्दांत आलं की ज्यांना अशा घटनांचा भीषण तपशील वारंवार हाताळावा लागतो, त्यांनाही हा विकार होतो. तिथे उदाहरण कोणाचं दिलंय? मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्या, मदतीला पहिल्यांदा पोचणाऱ्यांचं. म्हणजे तुमचं. बॉर्डरवर जायची अट त्यात कुठेच नाही.

आणि वडिलांना काही झालं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्हीच लिहिलंय की ते काहीच बोलत नाहीत. माझ्या ओळखीच्या प्रत्येक फौजी घरात माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक आहे, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली. तुमच्याकडेही असेल, आणि बहुतेक तुमच्या लाल बॅगेच्या शेजारीच असेल. ती का ठेवलीय, असं त्यांना घरात कधी कोणी विचारलं नसेल. ती विका, भंगारात द्या, असंही कोणी म्हणालं नसेल. रविवारी बॅग खाली निघेल तेव्हा त्यांनाही ओसरीवर बसायला बोलवा. प्रश्न विचारू नका. नुसतं सांगा, "आबा, जरा बसा इथे, मला हे आवरायचंय." ते काही बोलतील की नाही मला माहीत नाही. बोलले तर मधे न तोडता ऐका. नाही बोलले तरी बसू द्या.

नऊ वर्षं पाण्यात गेली का, या प्रश्नाला माझ्याकडे वेगळं उत्तर नाही. खंबाटकीच्या खाली ज्यांना तुम्ही बाहेर काढलंत त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागेल, आणि ती घरं कुठे आहेत हे तुम्हालाच ठाऊक.

एक काम मात्र आजच करता येईल. त्या शिकणाऱ्या पोराचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये अजून असेल. तो मित्राला पाठवून द्या. रविवारी सामान पुसून झालं की स्टेथोसाठी पहिला फोन त्यालाच जाऊ दे. तो घ्यायला आला आणि तुम्हाला जमणार असेल, तर पडदा नीट बसवायचा कसा, तेवढं त्याला दाखवा.

तुमची,
ताई